मनगटावरची साय

बनुबाईच्या हातांचा रंग बदलला तो १९४६ च्या चैत्रात. दोन्ही हातांच्या पाठी एकाच आठवड्यात काळवंडल्या. बोटांपासून मनगटाच्या थोडं वरपर्यंत, आणि तिथं तो रंग एकदम थांबला होता, कुणीतरी रेघ मारून दिल्यासारखा. उन्हात गेलं की चुणचुण होई. पुढे कातडी कोरडी पडून खपल्या निघू लागल्या. पंधरा दिवसांत तसाच पट्टा गळ्याभोवती उमटला.

जतपासून सात मैलांवरचं हे गाव. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. ज्वारी कशीबशी हाताला लागली, तूर आणि मूग लागले नाहीत. घरात विधवा सासू मनुबाई, धाकटा दीर गुंडा आणि बनुबाई. नवरा नाथाजी पलटणीत. बनुबाईचं माहेर कोरेगावकडचं, पाटाच्या पाण्यावरचं. रिवाजाप्रमाणं ती शेवटी जेवायची, आणि त्या वर्षी शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला भाकरी आणि चटणीची पुसलेली वाटी यांपलीकडे फारसं काही उरत नव्हतं. याची दखल कुणी घेतली नाही. सगळ्या गावात तसंच चाललं होतं.

विहिरीवर पहिल्यांदा बोलली ती शेजारची हरणाबाई.

"बने, भाकरी चुलीत हात घालून काढतीस का काय गं?"

बायका हसल्या. बनुबाईही हसली आणि तिनं हात पदराखाली घेतले. मग हरणाबाईनं मनुबाईला बाजूला घेतलं. "सुनंचं ताट येगळं करा. ह्यो म्हारोग असंल."

"गेल्या आठवड्यात तिच्या हातची भाकरी मागून खाल्लीस की तू," मनुबाई म्हणाली. "तवा न्हाई लागला?"

सून खाष्ट सासूच्या तावडीत सापडली होती, असं काही नव्हतं. मनुबाईचा बनुबाईवर जीव होता. दुसऱ्याच दिवशी ती सुनेला घेऊन चालत जतला गेली, चिंतामण वैद्यांकडे.

चिंतामण वैद्य मूळचे वाईचे. तपासायला वेळ घेणारे. त्यांनी बाभळीचा काटा घेऊन काळ्या कातडीवर जागोजाग टोचला. प्रत्येक वेळी बनुबाईनं हात मागे घेतला.

"महारोग नाही," ते म्हणाले. "कातडीला जाण आहे. रक्त तापलंय."

त्यांनी लेप सांगितला: मसुराचं पीठ दुधाच्या सायीत कालवून, चिमूटभर हळद घालून, रोज दुपारी हातांना आणि गळ्याला. संध्याकाळी तांब्याच्या परातीत शंभर वेळा पाण्यानं धुतलेलं तूप. आणि पथ्य. शेंगदाणे, तीळ, तूर, हरभरा, गूळ, दूध, दही, वांगं, मिरची, मांस, सगळं बंद. ज्वारीची भाकरी, मुगाचं पातळ वरण आणि दुधी किंवा पडवळ, एवढंच.

"एकवीस दिवस. मग हात दाखवायला आणा."

मनुबाईला लिहिता येत नव्हतं. परतीच्या वाटेवर ती बोटांची पेरं मोजत सगळी यादी मोठ्यानं म्हणत आली. सात मैलांत ती पाठ झाली.

मूग घरात नव्हते. दुधी-पडवळ त्या मुलखात वैशाखात मिळण्यासारखे नव्हते. राहिली भाकरी. मनुबाईनं ती नेमानं सांभाळली. सुनेच्या भाकरीचा तवा वेगळा केला. शेंगदाणे कुटले की उखळ राखेनं घासल्याशिवाय बनुबाईच्या कण्या त्यात सडू दिल्या नाहीत. घरात एक गाय होती, तिचं दूध शेराला पोचत नव्हतं. गुंडाच्या चहापुरतं काढून बाकीचं ती लेपासाठी तापवून साय धरायची. तूप धुताना मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

एकवीस दिवस झाले तेव्हा हात थोडे निवळले होते. पेरणीची गडबड सुरू झाली होती, म्हणून वैद्यांकडे जाणं राहिलं. आषाढात आभाळ भरून आलं आणि महिनाभर सूर्य दिसला नाही. बनुबाईच्या हातांवरच्या खपल्या गळून पडल्या. आतून गुलाबी, पातळ कातडी आली.

"बघितलास पथ्याचा गुण?" मनुबाईनं तिचे हात उजेडात धरून हरणाबाईला दाखवले.

त्याच सुमाराला शेजारच्या गावात तार आली. त्या गावचा एक जवान जावा बेटात मारला गेला होता. लढाई संपून वर्ष होत आलं होतं.

"लढाई सरली म्हंत्यात," मनुबाई गुंडाला म्हणाली, "मग ह्यो कशानं मेला?"

"आये, सायबाच्या लढाया सरत न्हाईत," गुंडा म्हणाला. "एक मिटली की दुसरी मांडत्यात."

नाथाजीचं पत्र चार महिन्यांत आलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी मनुबाई एकटीच जतला यल्लम्माच्या देवळात गेली. संध्याकाळी परतली ती थेट बनुबाईपुढे बसली.

"देवीनं कौल दिलाय. नाथा सुखरूप घरला येईस्तवर तुझं पथ्य चालू ठिवायचं. तुझ्या पथ्यावर त्याचा जीव हाय. मोडलंस तर माझ्या लेकाचं बरंवाईट हुईल."

बनुबाईनं मान हलवली. "न्हाई मोडायची आत्याबाई."

पथ्य आता औषध राहिलं नाही. ते व्रत झालं.

श्रावणातली एक दुपार. मनुबाईनं लेप लावला आणि ती गोठ्याकडे गेली. काही राहिलं म्हणून परत आली, तेव्हा बनुबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि स्वतःचं मनगट चाटत होती. साय, मसूर, हळद. एका मनगटावरचं संपवून तिनं दुसरं तोंडाशी नेलं होतं.

मनुबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच तिचं डोकं पोटाशी धरलं. दोघी रडल्या.

"भूक लागती व्हय गं?"

"भूक न्हाई लागत. नुसता वास येतुया. वासानं जीव जातुया."

त्या दिवसापासून लेप लावला की मनुबाई तिच्या हातांना जुन्या लुगड्याच्या पिशव्या बांधू लागली. गाठ ती मनगटाच्या वर मारायची, कातडीला काचणार नाही अशी सैल. लेप वाळला की स्वतः सोडायची.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. शेंगा आल्या, तूर आली, हरभरा आला; मूग तेवढे संततधारेत कुजले. थंडीत गुंडानं शेतात आगटी पेटवून हुरडा केला. बनुबाईनं कणसं भाजली, चोळली, पाखडली आणि सगळ्यांना वाढली. सोबत शेंगदाण्याची चटणी होती. ती स्वतः तळहातावरची भुसी फुंकत बसली.

भोगीच्या दिवशी, १९४७ च्या जानेवारीत, तिनं भाजी केली. सोलाणे, पावटा, गाजर, वांगं, बोरं, वरून तीळ आणि दाण्यांचं कूट. तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. वासावरून सगळं नेमकं झालं होतं. गुंडानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वैनी, समिंदर वतलासा की भाजीत!"

मनुबाईनं चव घेतली. मीठ तीनदा पडलं होतं.

"कितीदा टाकलंस गं?"

"टाकायचं हाय की अजून," बनुबाई म्हणाली.

गुंडा हसला. मनुबाई हसली. सगळे हसतात म्हणून बनुबाईही हसली, पण कशाला हसतात ते तिला कळलं नव्हतं. ही पहिली खूण होती. ती कुणी वाचली नाही.

फाल्गुनात ऊन चढलं आणि काळे हातमोजे घातल्यासारखा तो रंग परत आला. या वेळी पायांवरही. जीभ लाल आणि सोललेली. दिवसातून सात-आठ वेळा पोट बिघडू लागलं. पायांना मुंग्या चावतात म्हणून ती पाय झाडत बसे. झोप उडाली. चूल पेटवून ती विसरू लागली. विहिरीवरून रिकामी घागर घेऊन यायची आणि ती जपून, न सांडता, खाली ठेवायची.

हरणाबाईनं या वेळी निदान बदललं. "हे भायेरचं हाय. भायेर काढा."

"तुझं तोंड आदी भायेर काढ," मनुबाई म्हणाली. पण तीही घाबरली होती. पथ्यात कुठंतरी चूक होत असणार असं तिला वाटलं. तिनं सुनेच्या भाकरीतलं मीठ बंद केलं.

वैशाखाच्या सुरुवातीला नाथाजी आला. पत्र्याची ट्रंक, अंगावर खाकी, ओठावर नवी मिशी. अंगणात उभा राहून त्यानं हाक मारली. बनुबाई दारात आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आत वळून सासूला विचारलं, "आत्याबाई, पावणं आल्यात. पानी द्यायचं का?"

नाथाजीनं ट्रंक खाली ठेवली. मग त्यानं बायकोचे हात पाहिले.

"डाक्टरला दावलं न्हाई?"

"वैद्याला दावलं. देवीला इच्यारलं."

"आये, पलटणीत मानूस आजारी पडलं तर कौल लावत न्हाईत. उचलून दवाखान्यात नेत्यात. मेला तर तितं मरतो." एवढं बोलून तो गाडी जुंपायला गेला.

आधी ते चिंतामण वैद्यांकडे थांबले. वैद्यांनी बनुबाईला ओळखलं नाही. हात पाहिल्यावर ओळखलं.

"पथ्य किती दिवस चाललं?"

"अजून चालूच हाय," मनुबाई म्हणाली. "एक दीस मोडलं न्हाई."

"बाई, एकवीस दिवस सांगितले होते मी. वर्ष झालं." वैद्य उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र होतं. सांगलीच्या डॉक्टर शरयू लिमये यांच्या नावे. पत्रात दोनच ओळी होत्या. रोग मी ओळखला नाही. माझ्या पथ्याने वाढला असावा, आपण पाहावे.

लिमयेबाईंचा दवाखाना विश्रामबागेत, सहा खाटांचा. त्यांनी बनुबाईचे हात पाहिले, गळा पाहिला, जीभ पाहिली. नाव विचारलं, ते तिनं बरोबर सांगितलं. साल विचारलं, ते तिला सांगता आलं नाही.

"खाते काय?"

"घरात असंल ते," नाथाजी म्हणाला.

"तुला काय ठावं?" मनुबाई पुढे सरली. पेरं मोजत तिनं यादी म्हणून दाखवली. काय काय बंद, कधीपासून, तवा कसा वेगळा, उखळ कसं घासलं. इतक्या नेमानं कुणी केलं नसतं, हे तिच्या आवाजात होतं. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. अर्ध्यावर त्यांचं लिहिणं थांबलं.

"घरात गाय आहे म्हणालात. साय निघते?"

"निगती की. रोज. ती हातांना लावायची."

"तूप?"

"तेबी हातांनाच. शंभर पान्यानं धुऊन."

"तोंडात काहीच नाही?"

"काय बी न्हाई," मनुबाई म्हणाली. "एकदा चाटली तिनं. मग म्या हात बांधायला लागले."

लिमयेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग नाथाजीकडे वळून त्या सावकाश बोलल्या. "याला पेलाग्रा म्हणतात. पुस्तकात हा नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांचा रोग म्हणून लिहिलाय. ज्वारीवर होतो असं मी वाचलेलं नाही. पण हिचे हात तेच सांगतात. रोग कातडीत नाही, अन्नात आहे. पावसाळ्यात हात निवळले ते ऊन नव्हतं म्हणून. गोळ्या माझ्याकडे आहेत. त्या, आणि दूध, अंडं, शेंगदाणे, डाळ. आजपासून."

मनुबाईनं हे सगळं ऐकलं. पेरं मोजणारा अंगठा तिनं मुठीत मिटून घेतला.

गोळी दुधाबरोबर द्यायची होती. बनुबाईनं पेला पाहिला आणि तोंड मिटलं. नाथाजीनं समजावलं.

"न्हाई. ते यायचं हायत अजून. म्या दूध पिलं तर त्येंचं बरंवाईट हुईल."

"आगं म्याच न्हवं का? बने, माझ्याकडं बघ. नाथाजी हाय म्या."

तिनं पाहिलं. "तुमी पावणं हाय. तुमाला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी दोन परिचारिकांनी धरून चमच्यानं पाजायचा प्रयत्न केला. तिनं दात आवळले. दूध गळ्यावरून, त्या काळ्या पट्ट्यावरून वाहून गेलं. तेच औषध टोचून द्यायचं तर ते सांगलीत नव्हतं. मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. तिसऱ्या दिवशी लिमयेबाईंनी नाडी पाहिली आणि नाथाजीला व्हरांड्यात नेलं.

"आठ दिवस हिच्याकडे नाहीत. आज-उद्या तोंड उघडलं तर ठीक."

मनुबाई व्हरांड्यातच बसून होती. तिनं ऐकलं. थोड्या वेळानं ती उठली, नळावर तोंड-हात धुतले आणि नाथाजीला बाजारात पिटाळलं. नारळ, खण, हळद-कुंकू, सुपारी, पाच फुलं. लिमयेबाईंनी विचारलं, "हे कशाला?" मनुबाई म्हणाली, "ज्यानं बांदलं त्यानंच सोडाया पायजे."

विधवेला कुंकू लावता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर चंद्राबाई नावाची कवलापूरची बाई होती, बाळंतपणानं अशक्त झालेली, पण सवाष्ण. मनुबाईनं तिला विनवलं. चंद्राबाई खाटेचा कठडा धरत उठली. तिनं बनुबाईला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. नाथाजीनं वॉर्डच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. बनुबाई हे सगळं डोळे मोठे करून पाहत होती. नवऱ्याला तिनं ओळखलं नव्हतं. उद्यापन मात्र ओळखलं.

मनुबाईनं दुधाचा पेला हातात घेतला. "बनू, देवीनं कौल दिला. नाथा सुखरूप घरला पोचला. उपास सोड."

"कुटल्या अंगाला दिला?"

"उजव्या."

"फूल पडल्यालं तुमी बघितलं?"

"ह्या डोळ्यांनी बघितलं."

बनुबाईनं तोंड उघडलं.

पहिल्या दिवशी ती पाच चमचे प्याली. दुसऱ्या दिवशी पेलाभर, गोळ्यांसकट. पाचव्या दिवशी तिनं विचारलं की हे गाव कोणतं. सातव्या दिवशी नाथाजी दारातून आत येत असताना ती म्हणाली, "मिशी कवा ठिवली?" तो तसाच मागे फिरून व्हरांड्यात गेला. आत यायला त्याला बराच वेळ लागला.

चोवीस दिवसांनी ती घरी निघाली. हातांवरची काळी कातडी गळली होती. मनगटावर रेघेची फिकट खूण राहिली, ती पुढेही राहिली. आदल्या भोगीपासूनचं तिला दवाखान्यातल्या उद्यापनापलीकडे काही आठवत नव्हतं. भोगीआधीचं सगळं आठवत होतं.

जतपासून पुढे बैलगाडी होती. नाथाजी पुढे हाकत होता. मागे दोघी. यल्लम्माच्या देवळाचा कळस दिसला तसं मनुबाईनं हात जोडले आणि तोंड दुसरीकडे केलं.

"आत्याबाई," बनुबाई म्हणाली, "तुमी तर दवाखान्यातच हुता. कौल कवा लावला?"

"न्हाई लावला. खोटं बोलले. देवी काय करायचं ते माझं करंल."

गाडी बरीच पुढे गेली.

"आन् पयला? पथ्याचा? तवा तर देवळात गेला हुता तुमी."

"गेले हुते."

"लावला हुता?"

"गर्दी लय हुती. गुरव म्हनला, दुपार हुईल." मनुबाई चाकाकडे बघत बोलत होती. "तुझं हात बरं झालं हुतं. पथ्याचा गुण दिसत हुता. मला वाटलं, इच्यारून बी देवी हेच सांगंल. नाथाचा घोर हुता गं. काय तरी धरून ठिवावं वाटलं."

नाथाजीनं बैलांना हाक दिली नाही. बैल आपल्या चालीनं चालत राहिले. घरी पोचल्यावर बनुबाईनं ओटीतला खण ट्रंकेत ठेवला आणि चुलीपाशी गेली.

त्यानंतर ती घरात सगळं करत राहिली. सासूचे पाय चेपले, सासूला ताप आला तेव्हा रात्री जागली. कधी उलटून बोलली नाही. गावात मनुबाईच्या सुनेसारखी सून नाही असं हरणाबाईसुद्धा म्हणू लागली. पण सासूच्या हातून तिनं एक घासही घेतला नाही. मनुबाईनं भाकरी थापली असेल तर ती स्वतःपुरती दुसरी थापी.

पुढच्या भोगीला तिनं भाजी केली. कूट घातलं, उकळी आणली. मग पळीभर रस तळहातावर घेऊन देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी तिनं चाखला. मनुबाई समोर होती. तिनं पाहिलं आणि ताटं मांडायला घेतली.

गुंडा आणि नाथाजी जेवायला बसले. मनुबाईनं एक ताट घेतलं, त्यात दोन भाकऱ्या, भरपूर भाजी आणि वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ते बनुबाईपुढे आणून धरलं.

"बस तू आदी. तू जेव."

"ठिवा तितं. म्या घीन माझं."

बनुबाईनं परात पुढे ओढली, आपल्या हातानं भाकरी घेतली, आपल्या हातानं भाजी वाढून घेतली आणि पुरुषांच्या पंक्तीशेजारीच बसून जेवायला लागली. तिची भूक चांगली होती. मनुबाई ताट धरून थोडा वेळ उभी राहिली. मग ते घेऊन चुलीच्या पलीकडे गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. लोणी गरम भाकरीवरून वितळून ताटाच्या कडेला आलं. तिनं ते पुसलं नाही.